गंगावनाचा धाकटा भाऊ

परभणीत आज पंचविशीतल्या एखाद्या पोराचे केस विरळ व्हायला लागले, की घरात कधी ना कधी विषय निघतोच: डोक्यावर खोट्या केसांचा पॅच बसवायचा का? दीडशे वर्षांपूर्वी या गावात हा विषय निघणं शक्य नव्हतं. टक्कल तेव्हाही पडायचं, पण दिसायचं नाही. गावचा न्हावी यायचा, शेंडी ठेवून बाकीचं डोकं तुळतुळीत करायचा आणि त्यावर रुमाल, पागोटं नाहीतर फेटा चढायचा. निजामाच्या कचेरीत जाणाऱ्याच्या डोक्यावर टोपी असायची. सोयऱ्यांच्या दारात बोडक्या डोक्यानं जाणं म्हणजे बेअदबी. ज्याचे केस आपोआप गेले आणि ज्याचे वस्तऱ्यानं काढले, ती दोन्ही डोकी फेट्याखाली सारखीच होती.

म्हणजे पुरुषाला टक्कलाची लाज वाटते, ती फार जुनी नाही. शाळा-कॉलेजं आली, भांग आला, फोटो स्टुडिओ आले, सिनेमातल्या नायकांची केशरचना आली आणि डोकं उघडं पडत गेलं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झालं, त्यानंतर शिकायला शहरात गेलेल्या पिढीनं टोपी खुंटीला लावली. जिंतूर-पालमकडच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ती अजून आहे. त्यांच्या नातवंडांच्या डोक्यावर काहीच नाही, आणि झाकायला काही उरलं नाही म्हणूनच केसांचं ओझं वाढलं.

बायकांची गोष्ट मात्र पहिल्यापासून वेगळी. त्यांच्या केसांना या जिल्ह्यात थेट देवाचा हात लागलेला आहे. गंगाखेडची जनाबाई दळण-कांडण करून दमते आणि विठ्ठल येऊन तिचे केस विंचरतो, उवा काढतो, वेणी घालतो, ही कथा गोदाकाठी सगळ्यांना ठाऊक असते. त्याच समाजात ‘बोडकी’ ही शिवी होती. नवरा मेला की उच्चवर्णीय घरांतल्या बाईचे केस जबरदस्तीनं उतरवले जात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. हा इतिहास आठवला, की केमोथेरपीनं केस गेलेली बाई घराबाहेर पडायला का कचरते ते कळतं. तिला आरशात केवळ आजार दिसत नाही, शेकडो वर्षांचा अपशकुनही दिसतो. तिला ‘केसांचं काय एवढं’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

याच बायकांनी खोट्या केसांचा एक मोकळा, निकोप रिवाजही आपल्याला दिला: गंगावन. वेणी आखूड असली की तिच्यात गुंफायचा केसांचा झुपका. तो कधी माणसाच्या केसांचा असे, कधी जनावराच्या, पुढं काळ्या सुताचा आणि नायलॉनचाही आला. जत्रेत, उरुसात बांगड्या-मणी विकणाऱ्याच्या दुकानात तो सगळ्यांसमोर टांगलेला असायचा. भाव करून घ्यायचा, लग्नात नवरीच्या वेणीत घालायचा आणि काम झालं की ट्रंकेत ठेवायचा. शेजारीण उसना मागायलाही यायची. नवरीला गंगावन लावलंय म्हणून कुणी फसवणुकीची ओरड केल्याचं ऐकिवात नाही. लांब वेणी हवी होती, ती लावली, एवढाच त्याचा अर्थ.

पुरुषांनी खोटे केस डोक्यावर घेतले ते रंगभूमीवर. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून पुढची कित्येक दशकं बायकांच्या भूमिका पुरुषच करत. काही स्त्रीपार्टी नट स्वतःचे केस वाढवत, बाकीचे टोप चढवत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीसुद्धा साळुंके नावाचा पुरुष होता. प्रेक्षकांना टोप आहे हे माहीत असे आणि तरीही ते रडत. पण तो टोप नाटकाच्या पेटीतला. पडदा पडला की उतरायचा. रोजच्या जगण्यात तो घालून बाजारात जायचं, हे तिथून आलेलं नाही.

ते आलं युरोपच्या बाजूनं. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचे केस तरुणपणीच गळायला लागले आणि १६२४च्या सुमारास त्यानं टोप घालायला सुरुवात केली. राजा घालतो म्हणून दरबारानं घातला, दरबार घालतो म्हणून इंग्लंडनं. तिथल्या फौजदारी न्यायालयांतल्या न्यायाधीशांच्या डोक्यावर तो अजून आहे. एका माणसाची अडचण सगळ्या खंडाची प्रतिष्ठा झाली, याची मला गंमत वाटते. विसाव्या शतकात उलट झालं. टोप लहान होत होत टाळूपुरता उरला, आणि ‘कुणाला कळता कामा नये’ ही त्याची पहिली अट बनली.

१९६०च्या दशकात अमेरिकेत बायकांच्या विगची लाट आली. त्याच दशकात अमेरिकेनं कम्युनिस्ट चीनच्या केसांना दार बंद केलं, तशी भारतातल्या केसांची मागणी वाढली. त्यातले सर्वांत चांगले केस देवळांतले. परभणी-नांदेडकडची कितीतरी घरं नवस फेडायला तिरुपतीला जातात आणि तिथं कल्याणकट्ट्यावर केस देतात. एकदम उतरवलेले हे केस मुळापासून टोकापर्यंत एकाच दिशेनं राहतात. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात. सगळ्यांची दिशा एक असली तर केस गुंतत नाहीत, म्हणून या केसांना भाव जास्त. देवस्थान लांबीप्रमाणे त्यांचे लिलाव करतं.

दुसरा केस आपल्या घरातला. विंचरताना फणीला आलेली गुंतवळ बायका वाऱ्यावर सोडत नाहीत, कुणी करणी करेल या भीतीनं थुंकून गोळा करून भिंतीच्या फटीत खोचतात. मग गल्लीत ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी हाळी येते आणि महिनोन्महिने साठवलेली गुंतवळ देऊन एक वाटी, डबा, पोरांना फुगा मिळतो. या गुंतवळीचा पुढचा प्रवास कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी होतो. तिथं बायका सुईनं एकेक गाठ सोडवतात, केस धुतात, उभ्या खिळ्यांच्या फळीतून ओढून लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. पाठ मोडणारं आणि डोळे शिणवणारं हे काम. यातला पुष्कळ माल चीनमधल्या शुचांगसारख्या विगच्या शहरांत जात असे. तिथं आम्लात बुडवून केसांचे खवले काढतात, कारण गुंतवळीत मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात. मग वर सिलिकॉनचा थर देतात. कच्चे केस असेच बाहेर जाऊ लागले आणि इथल्या हातांचं काम सुटू लागलं, तेव्हा जानेवारी २०२२मध्ये केंद्र सरकारनं त्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली.

पॅच म्हणजे हेच केस बारीक जाळीवर वा पातळ कृत्रिम कातडीवर आकडीनं एकेक करून गाठवलेले. कपाळाजवळ गाठी विरळ ठेवल्या, वयाला शोभतील एवढे पांढरे केस मिसळले आणि भोवऱ्याची दिशा सांभाळली, तर तो खरा दिसतो. दाट केला की फसतो. पंचेचाळिशीतल्या माणसाला विशीतलं कपाळ मागू नये, पारखी डोळा सगळ्यात आधी तिथंच जातो.

पण पॅच घ्यायच्या आधी केस का गेले ते कळायला हवं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत लोकांच्या केसांचे पुंजकेच्या पुंजके गळाले. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद केली आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. अनेकांचे केस पुढं परत आले. चाई पडली तरी केस पुष्कळदा परत येतात, केमोनंतर साधारण तीन ते सहा महिन्यांत येऊ लागतात. अशांनी कायमचं काही न चिकटवता उतरवता येणारा टोप घेतला तर बरं. वंशातून आलेलं पुरुषी टक्कल वेगळं. १९८८पासून मिळणाऱ्या मिनॉक्सिडिलनं काहींना गुण येतो, पण थांबवलं की फायदाही जातो. केस नुकतेच विरळ होऊ लागलेल्यानं आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

आणि परभणीचा उन्हाळा विसरू नये. पारा ४२-४४ अंशांवर गेला, की घामानं टेप सुटते, डिंक पाझरतो. चिकटवलेला पॅच दर दोन-चार आठवड्यांनी काढून कातडी धुवावी लागते. क्लिपचा रोज काढता येतो, पण क्लिपा एकाच जागी ओढत राहिल्या तर तिथले उरलेले केसही जातात. शेतात, गॅरेजमध्ये, भट्टीपुढं राबणाऱ्याला तो नको होईल. दुकानात बसणारा, शिकवणारा, पंख्याखाली काम करणारा निभावून नेईल.

स्थळ बघताना मात्र लपवू नये असं माझं ठाम मत आहे. केस नाहीत म्हणून नाकारलेलं स्थळ चालतं, पण लग्नानंतर पॅच कळला तर भांडण केसांवरून होत नाही, न सांगण्यावरून होतं. मुलीच्या घरी पहिल्या-दुसऱ्या भेटीत सरळ सांगावं, हवं तर काढून दाखवावं. तो घालून ज्याची मान ताठ होते त्यानं खुशाल घालावा. ज्याला सतत सरकल्याचीच भीती वाटत राहते त्यानं डोकं मशीननं बारीक करून घ्यावं, न्हाव्याकडे ते दहा मिनिटांचं काम आहे. ठरत नसेल तर एकदम चिकटवायला जाऊ नये. साधा क्लिपचा पॅच आणून आधी आठवडाभर घरातच वापरावा आणि निर्णय मे महिन्यात घ्यावा, दिवाळीत नको.