कासवांचे कूळ

कासवांचा समावेश सरीसृप वर्गाच्या कीलोनिया गणात होतो. त्यांच्या कवटीत कानशिलापाशी छिद्रे नसतात. त्यामुळे छिद्ररहित कवटीच्या आदिम सरीसृपांचे ते अखेरचे वंशज होत, असे मत दीर्घकाळ रूढ होते. नव्या पुराव्यांनी ते मागे पडले.

चीनमधील सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘ओडोंटोकेलिस’चे वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला दात होते. कवच केवळ पोटाकडे पूर्ण होते, पाठीवर नुसत्या रुंदावलेल्या फासळ्या होत्या. जर्मनीतील २४ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘पॅपोकेलिस’च्या (२०१५) कवटीत प्रत्येक बाजूस दोन छिद्रे आढळली. म्हणजेच कासवांच्या पूर्वजांना छिद्रे होती. ती पुढे बुजली. २०१२ मधील विस्तृत जनुकीय अभ्यासांनीही कासवांना मगरी व पक्षी यांचे निकटचे आप्त ठरविले, साप-सरड्यांचे नव्हे.

हयात कासवांचे दोन उपगण आहेत : मान सरळ मागे ओढणारा क्रिप्टोडायरा व मान बाजूला दुमडणारा प्लुरोडायरा. सागरी कासवांना मान कवचात घेता येत नाही, तरी ती पहिल्यातच मोडतात. भारतातील सर्व मूळ हयात कासवे क्रिप्टोडायराच आहेत. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील क्रिटेशस काळातील ‘जैनेमिस’ हा जीवाश्म प्लुरोडायरा उपगणातील आहे.