टर्बो मोटारींचे इंजिन-संगणक : पिगीबॅककडून रिफ्लॅशकडे

प्रस्तुत लेखात टर्बो मोटारींचे इंधन-नियंत्रण बदलण्याच्या दोन पद्धतींचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

१९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन व प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपविले. संगणकातील कोष्टके बदलणे दुष्कर असल्याने १९९० च्या दशकात पिगीबॅक नियंत्रकांचा प्रसार झाला. जपानमधील अ‍ॅपेक्सीचा सुपर एएफसी हे त्याचे परिचित उदाहरण होय. हे उपकरण हवा मोजणाऱ्या संवेदकाचा संदेश वाटेतच बदलते. मोठे इंजेक्टर बसविल्यावर हवा कमी दाखवून इंधन आटोक्यात ठेवता येते. परंतु इंजिनावरील भार कमी आहे असे समजून संगणक ठिणगीही लवकर पाडतो. परिणामी नॉकिंग होऊन पिस्टन निकामी होण्याचा धोका संभवतो.

रिफ्लॅशमध्ये मूळ कोष्टकेच पुन्हा लिहिली जातात. त्यामुळे इंधन व प्रज्वलन यांचा मेळ राखता येतो. अमेरिकेत १९९६ पासून अनिवार्य झालेल्या ओबीडी-२ जोडणीतून अनेक मोटारींत हे काम साध्य झाले. तथापि, कोष्टके निर्मात्याच्या आज्ञावलीत असल्याने प्रताधिकाराचा प्रश्न उद्भवला. २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने वाहनमालकांना दुरुस्ती व कायदेशीर फेरबदलांसाठी आज्ञावलीचे कुलूप उघडण्याची सवलत मंजूर केली. प्रदूषणविषयक कायद्यांचे बंधन मात्र कायम राहिले.

तात्पर्य, तंत्रदृष्ट्या रिफ्लॅश अधिक निर्दोष ठरले. पण त्याबरोबरच विकत घेतलेल्या यंत्रातील आज्ञावलीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न कार्यशाळेतून कायद्याच्या कक्षेत गेला.