प्रौढांचें इंग्रजी वाचन

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें त्या टापूंत यंत्रें आलीं, आणि यंत्रांबरोबर इंग्रजी सूचनापत्रकेंही. अक्षरें ओळखणारा कामगार तीं खडाखडा वाचील. परंतु ‘दाब उतरल्याखेरीज झांकण उघडूं नये’ या अर्थाच्या वाक्यांतील ‘अनलेस’ त्याला उमगला नाहीं, तर तें वाचन व्यर्थच नव्हे, घातकही होय.

हा प्रश्न नवा नाहीं. १८७३ सालीं महादेव गोविंद रानड्यांशीं विवाह झाला तेव्हां रमाबाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें. पतीनें त्यांस आधीं मराठी शिकविलें, मग इंग्रजी. घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनीं मुकाट्यानें सोसला. पुढें १९०९ सालीं निघालेल्या पुणें सेवासदनाच्या त्या आधारस्तंभ झाल्या, आणि मोठ्या वयाच्या स्त्रियांना तेथें शिक्षणाचें दार उघडलें. यांतील क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला स्वभाषेंतील उताऱ्याचा आशय सांगतां येतो, त्यालाच तो परभाषेंत हुडकतां येतो.

आमच्या शाळांनीं मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची कास धरली. ती पाठमाला मला वंद्य आहे; पिढ्याच्या पिढ्या तिनें व्याकरणांत मुरविल्या. पण तिचीं वाक्यें सुटीं. एका वाक्याचा दुसऱ्याशीं सांधा कोठें जुळतो, हें त्यांतून कळत नाहीं. आणि प्रौढाला अडतें तें नेमकें तेथेंच. पिंपरीच्या कामगारापुढें खरें सूचनापत्रक ठेवावें, आणि त्याला मराठींतच पुसावें: आधीं काय करशील? कोठें थांबशील? कां?