कादंबरीतून इंग्रजी शब्दसंपदा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठी अभिजात कादंबऱ्या वाचाव्यात, असा सल्ला विद्यार्थ्यांना नेहमी दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण त्यात एक मेख आहे.

जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची ६१ प्रकरणे बहुतांशी आटोपशीर आणि संवाद भरपूर. त्यामुळे अभ्यासासाठी ती सोयीची. मात्र तिच्यातील कित्येक परिचित शब्द त्या काळी निराळ्या अर्थाने वापरले जात. ‘कंडिसेन्शन’ हे ठळक उदाहरण. धर्मोपदेशक कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या या गुणाची तोंड भरून स्तुती करतो. आज या शब्दातून दुसऱ्याला कमी लेखण्याचा भाव व्यक्त होतो. तेव्हा मात्र वरच्या दर्जाच्या व्यक्तीने मोठेपणा बाजूला ठेवून कनिष्ठांशी आपुलकीने वागणे, असा त्याचा चांगला अर्थ होता. कॉलिन्स मनापासून कौतुकच करीत असतो; हसू येते ते त्याच्या लाचारीचे. आजचा अर्थ धरून वाचणाऱ्याला हा विनोद नीट उमगत नाही. उलट, कादंबरीतला अर्थ पाठ करून कोणी वरिष्ठांच्या आभारपत्रात हा शब्द योजला, तर अनर्थच ओढवायचा.

‘कँडर’चीही तीच कथा. आज तो स्पष्टवक्तेपणा. एलिझाबेथला आपल्या थोरल्या बहिणीत, जेनमध्ये, दिसणारा ‘कँडर’ म्हणजे सर्वांविषयी चांगलेच मत बाळगण्याचा उदारपणा. जवळजवळ उलटच म्हणा ना!

‘एन्टेल’ हा कायद्यातील शब्द तर कथेची किल्लीच आहे. मालमत्ता ठरावीक वारसक्रमानेच जावी, असे हे बंधन. त्यामुळे पाच मुली असूनही बेनेट यांची इस्टेट कॉलिन्सकडे जाणार असते. हे न कळल्यास बेनेटबाईंची मुलींच्या लग्नाची घाई निव्वळ खुळेपणाची वाटते.

म्हणून प्रकरण प्रथम शब्दकोशाविना वाचावे. दुसऱ्या वाचनात अडलेला शब्द संपूर्ण वाक्यासह वहीत उतरवून त्याचे तेव्हाचे व आजचे अर्थ शेजारी-शेजारी लिहावेत. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’त अर्थ कालक्रमाने दिलेले असल्याने येथे तिचा उपयोग होतो. सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ दवडू नये. ‘जीआरई’ परीक्षेतूनही सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न ऑगस्ट २०११ पासून वगळण्यात आले असून, संदर्भावरून योग्य शब्द निवडण्यावर भर देण्यात आला आहे.