वाटेचे दप्तर

सन १६६१ च्या प्रारंभी शाहिस्तेखानाच्या हुकुमावरून उझबेग सरदार कारतलबखान पुण्याच्या छावणीतून कोकण काबीज करण्यास निघाला, तेव्हा त्याच्यापाशी फौज होती, खजिना होता, रायबागनसारखी युद्धाचा अनुभव असलेली स्त्री सोबतीला होती. मात्र कुरवंड्याच्या घाटाखाली उतरल्यावर उंबरखिंडीच्या रानातली वाट किती अरुंद आहे आणि तिची दोन्ही तोंडे एकाच वेळी कशी अडवता येतात, एवढीच माहिती त्याच्यापाशी नव्हती. ती शिवाजी महाराजांपाशी होती. परिणामी खानाला सामानसुमान मागे टाकून व खंडणी कबूल करून परतावे लागले. इतिहासकार या प्रसंगाकडे गनिमी काव्याचा नमुना म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती अशी की या डोंगरात भूमीपेक्षा भूमीची माहिती अधिक मोलाची ठरत आली आहे, आणि ती कोणाच्या ताब्यात आहे यावर पुष्कळ काही अवलंबून राहिले आहे.

शतकानुशतके ही माहिती कागदावर नव्हतीच. घाटमाथा आणि तळकोकण यांना जोडणाऱ्या असंख्य वाटांपैकी नाणेघाटासारख्या एखाद्या वाटेला सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख लाभला आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण लाभला. बाकीच्या वाटा महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्या पायांत आणि स्मरणात राहिल्या. कोणत्या सोंडेवरून गुरे उतरतात म्हणून ती ढोरवाट, कोणत्या घळीतून केवळ माणूसच हातापायांवर जाऊ शकतो म्हणून ती नाळ, कारवीच्या गचपणात वाट कोठे लपते आणि आश्विनात गवत पिवळे पडले म्हणजे ती पुन्हा कोठे उघडी पडते, हे सारे सांगणारा वाटाड्या हाच त्या प्रदेशाचा नकाशा होता. मराठेशाहीतले जासूद आणि काशीद पत्रे घेऊन जे अंतर तोडीत, तेही अशाच लोकांच्या भरवशावर. हे दप्तर बोलते असल्यामुळे ते जप्त करता येत नसे आणि त्याची नक्कलही निघत नसे. म्हणूनच परक्या सत्तेला ते खटकले असावे.

कंपनी सरकारने यावर जो उपाय योजला तो प्रचंड होता. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती उत्तरेकडे नेली, आणि पृथ्वीच्या आकाराचे त्याने १८३० मध्ये निश्चित केलेले परिमाण हिंदुस्थानच्या साऱ्या नकाशांच्या मुळाशी जाऊन बसले. या सांगाड्यावर पुढे इंचाला मैल या प्रमाणाचे कागद तयार झाले. चार अंश लांबीरुंदीच्या एका मोठ्या चौकटीला एक क्रमांक, तिचे सोळा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, अशी ती विभागणी आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ४७-ई या भागात पडतात, पुणे शहर ४७-एफ मधील चौदाव्या कागदावर येते. ज्याने हे कागद एकदा उलगडून पाहिले आहेत त्याला त्यांच्या सौंदर्याचा विसर पडणे कठीण. समोच्च रेषा जेथे एकमेकींवर जवळजवळ चढतात तेथे कडा आहे, जेथे त्या सैल सुटतात तेथे पठार आहे, हे एकदा डोळ्यांना उमगले की घरबसल्या मुलूख उभा राहू लागतो.

पण मुलूख मोजणाऱ्या सरकारने तो सर्वांना वाटला मात्र नाही. सह्याद्रीचा कणा किनाऱ्यापासून फार दूर नाही, आणि किनारपट्टीलगतचे कागद सुरक्षेच्या कारणास्तव निर्बंधित वर्गात मोडत. ते मिळवण्यासाठी अर्ज, शिफारस, हमीपत्र असा कचेरीचा सगळा घाट चढावा लागे, आणि डोंगरातला घाट त्या मानाने सोपा वाटे. स्वातंत्र्यानंतर मैल-इंच जाऊन पन्नास हजारांस एक हे प्रमाण आले, तरी हा रिवाज पुष्कळ काळ टिकला. दुर्गप्रेमी मंडळींनी मग आपली तजवीज आपणच केली. गो. नी. दांडेकरांनी गडांची ओढ लावली. हरीश कपाडियांचे इंग्रजीतले ‘ट्रेक द सह्याद्रीज’ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने रेखाटनांच्या साह्याने डोंगररांगा आणि वाटा समजावून दिल्या. अशा रेखाटनांच्या नकला एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत प्रवास करीत, घड्यांवर विरत, पावसात भिजत. माझ्या मते मराठी गिरिभ्रमणाचा खरा पाया या नकलांनी घातला. सरकारी कागदाने नव्हे.

यानंतरचा फेरफार आकाशातून आला. अमेरिकेच्या लष्कराने १९७८ पासून सोडलेल्या उपग्रहांची मालिका, म्हणजेच जीपीएस, मुळात युद्धासाठी होती. १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले, तेव्हा ती यंत्रणा नागरी उपयोगासाठीही खुली राहील असे अध्यक्ष रेगन यांच्या शासनाने जाहीर केले. तरीसुद्धा नागरी संदेशात हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे, आणि तिच्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शके. सपाट मैदानात हे अंतर किरकोळ. रायलिंगाच्या पठारावर तेवढ्यात माणूस कड्याबाहेर दाखवला जाईल. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली, आणि हातात मावणारी जीपीएस यंत्रे डोंगरात वापरण्याजोगी झाली.

येथे जुन्या आणि नव्या दप्तरांची गाठ पडली व ती सहज सुटली नाही. जुना कागद एव्हरेस्टच्या परिमाणावर उभा होता, यंत्र नव्या जागतिक परिमाणावर; यंत्राला हे न सांगता त्याचे आकडे कागदावर उतरवले तर आपल्या प्रदेशात सुमारे शंभर मीटरांचा फरक पडे, म्हणजे अमेरिकेने जी चूक काढून टाकली तीच १८३० च्या गणिताने परत आणली. उंचीचेही असेच. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, कागद मोजतो समुद्रसपाटीपासून, आणि पश्चिम किनाऱ्याजवळ या दोहोंत साठ मीटरांहून अधिक अंतर आहे. ज्या यंत्रात ही दुरुस्ती नसेल त्याच्या हिशेबी कळसूबाईचा १,६४६ मीटरांचा माथाही उगाच खाली येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणाचे आणि जनतेचे कागद वेगळे केले, २०१७ मध्ये ते घरबसल्या उतरवून घेण्याची सोय झाली, २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर बहुतेक परवाने रद्दच केले. पण तोवर २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर हौशी लोकांनी आपापल्या पायवाटा नोंदवायला आरंभ करून बराच काळ लोटला होता, आणि प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आला होता.

या दूरध्वनीबरोबर एक नवी शंका आली, जी आज डोंगराच्या पायथ्याशी हमखास ऐकू येते: ‘वर डेटा किती लागेल?’ जीपीएस आणि इंटरनेट या एकाच वस्तू आहेत, अशा समजुतीतून ती निघते. वास्तविक आपला फोन सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे केवळ ऐकतो, त्यांना काहीएक कळवत नाही, आणि या ऐकण्याला कोणत्याही कंपनीचा मनोरा लागत नाही. उपग्रहाचा हा संदेश अत्यंत संथ असतो, सेकंदाला अवघे पन्नास बिट. स्वतःच्या कक्षेची माहिती सांगून पूर्ण करण्यास त्याला तीस सेकंद लागतात आणि साऱ्या उपग्रहांची पंजी वाचून दाखवण्यास साडेबारा मिनिटे. एवढ्या वेळात तो पाच किलोबाइटही सांगत नाही; मित्राला पाठवलेले एखादे छायाचित्र याच्या कितीतरी पट भारी असते. नेटवर्क असेल तेव्हा फोन ही सारी माहिती जमिनीवरूनच मागवतो व काही क्षणांत स्थान दाखवतो, नसेल तेव्हा त्याला उघड्या आकाशाखाली थोडे थांबावे लागते. उपग्रहापुरता डेटाचा लाभ म्हणावा तर तो या प्रतीक्षेपुरताच.

खर्च होतो तो नकाशाचा. पडद्यावरचा नकाशा लहान चौकोनांचा बनलेला असतो, आणि एक पायरी जवळ गेले की तेवढ्याच भूभागासाठी चौकोन चौपट होतात. त्यात उपग्रहाने टिपलेली चित्रे हवी असतील तर भार फारच वाढतो, रेषांचा नकाशा असेल तर बेताचा राहतो. म्हणून शहाणी मंडळी आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा रेषांचा नकाशा आणि आधी कोणी चालून नोंदवलेल्या वाटेची लहानशी फाइल उतरवून घेतात, आणि डोंगरात फोन विमान-स्थितीत ठेवतात. त्यामुळे डेटा तर लागत नाहीच, शिवाय नसलेल्या मनोऱ्याचा शोध घेण्यात बॅटरीही उतरत नाही. जुन्या मंडळींनी रेखाटनाची नक्कल ज्या कारणासाठी पिशवीत घातली, त्याच कारणासाठी हे चालले आहे.

तथापि उतरवलेल्या वाटेला ऋतू नसतो. माघात कोणी चालून नोंदवलेली रेषा श्रावणात धबधब्याखालून जाते, हे पडदा सांगत नाही. आणि नाळेत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे कातळ आकाश इतके आवळून धरतात, की मोजके उपग्रह दिसतात, त्यांचे संदेशही भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, आणि पडद्यावरचा ठिपका कधी या कड्यावर तर कधी त्या कड्यावर उड्या मारू लागतो. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारे अनेक गट त्यामुळे आजही गावातला वाटाड्या बरोबर घेतात. त्याची मजुरी मात्र आदल्या दिवशी फोनवरच ठरवून ठेवतात.