संघ कुणाच्या मालकीचा?

खिदिरपूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारला जातो. गाव कोणते, पगार किती, यांच्याही आधी! "मोहन बागान, ना ईस्ट बेंगॉल?" गोदीच्या या भागात मोहामेडन स्पोर्टिंग हे तिसरे उत्तरही तितकेच मानाचे. "मी क्रिकेट बघतो," असे सांगणाऱ्याकडे मात्र लोक जरा कीव आल्यासारखे पाहतात.

फुटबॉलवर गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. गेल्या वर्षीच्या आपल्या सर्वसाधारण सभेत आलेला प्रस्ताव बहुतेकांना आठवत असेल. एक देणगीदार मंडपापासून महाप्रसादापर्यंतचा सगळा खर्च पाच वर्षे उचलायला तयार होते. अट एकच, उत्सवाच्या नावाआधी त्यांच्या पेढीचे नाव लागावे. सभेत दोन तट पडले. "दारोदार वर्गणी मागत फिरण्यापेक्षा मागे एक खंबीर माणूस असलेला बरा," असे काहींचे मत. "मग उत्सव आपला कसा उरला?" असे दुसऱ्यांचे. निर्णय पुढे ढकलला गेला. दरवर्षी न चुकता आरतीला येणारा माझा एक बंगाली सहकारी हे ऐकून हसला आणि म्हणाला, "तुमचेही आमच्या क्लबांसारखेच झाले की!"

त्याचे ते वाक्य डोक्यातून जाईना. मालक एकच आणि टिकाऊ असला, तर संघ खरोखर जिंकतो का? कोलकात्याच्या फुटबॉलने गेल्या सव्वाशे वर्षांत मालकीचे बहुतेक सगळे प्रकार करून पाहिले आहेत. तेव्हा उत्तर शोधायला लांब जायला नको.

बारभाईंचे क्लब

मोहन बागान १८८९ चा, मोहामेडन स्पोर्टिंग १८९१ चा आणि ईस्ट बेंगॉल १९२० चा. तिन्ही क्लब सभासदांचे. वर्गणी, देणग्या, चार सधन आश्रयदाते आणि निवडून आलेली कार्यकारिणी, असा त्यांचा कारभार. म्हणजे मालक असा कुणीच नाही! आपल्याकडे अशा कारभाराला 'बारभाई' म्हणून नाक मुरडतात. पण याच बारभाईंच्या मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. एक खेळाडू सोडता सगळे अनवाणी खेळले होते. मोहामेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली आणि १९४० मध्ये ड्युरँड चषकही आणला. मालक नसताना एवढे यश मिळाले, कारण खेळाडू तेव्हा पोटापाण्यासाठी क्लबवर अवलंबून नव्हते. व्यावसायिक फुटबॉल आले, महिन्याचा पगार आला, आणि बारभाईंची खरी परीक्षा सुरू झाली.

रेल्वेचे संघ

इथे आपल्या घरचा संबंध येतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बेंगॉल नागपूर रेल्वेचे मुख्यालय गार्डन रीचला, म्हणजे खिदिरपूरच्या शेजारी. नागपूर-विदर्भाकडची कितीतरी मराठी घरे या रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आली. माझे आजोबा त्यांतलेच. १९५५ मध्ये तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली, तरी संघाला लोक 'बी.एन.आर.'च म्हणत राहिले. या संघाने १९६४ मध्ये मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्याआधी १९५८ साली, पी. के. बॅनर्जी ज्या संघात होते त्या ईस्टर्न रेल्वेने तिन्ही बड्या क्लबांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली होती. बड्या तिघांबाहेरच्या संघाने ही लीग पुन्हा जिंकायला २०१९ साल उजाडले! त्या वर्षी पीअरलेसचा संघ जिंकला.

सरकारी रेल्वेइतका स्थिर मालक दुसरा कोण असणार? तो विकत नाही, पळून जात नाही, पगार पहिल्या तारखेला होतो. खेळाडूला कायमची नोकरी हे त्या काळी मोठेच आमिष होते, म्हणून गुणी मुले रेल्वेकडे येत. पण पुढे मोठे क्लब रोख रकमा मोजू लागले आणि आमिषाची धार गेली. मालक जागच्या जागी राहिला, संघ मात्र मागे पडला. मालक बदलला नाही म्हणून यश टिकते असे नाही, हा पहिला धडा.

एक मालक, दोन संघ

दुसरा धडा आणखी मजेशीर आहे. १९९८ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या दोघांच्याही फुटबॉल कंपन्यांत निम्मे भाग घेतले. हाडवैरी असलेल्या दोन संघांचा भागीदार एकच! एकाच्या नावाआधी मॅकडॉवेल लागले, दुसऱ्याच्या नावाआधी किंगफिशर.

सुरुवातीला पैशाने जोर धरला. १९९९-२००० ते २००३-०४ या पाच हंगामांतली पाचही राष्ट्रीय लीग जेतेपदे या दोघांनीच घेतली. मोहन बागानने दोन, ईस्ट बेंगॉलने तीन. २००३ मध्ये सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बेंगॉलने जाकार्तामध्ये आसियान क्लब चषकही जिंकला. पण पुढे? यूबीचे भाग ईस्ट बेंगॉलमध्ये २०१८ पर्यंत होते, तरी २००४ नंतर देशाची लीग काही त्यांच्या हाती लागली नाही. मोहन बागानला २००२ नंतर थेट २०१५ पर्यंत थांबावे लागले. आणि २०१५ चे ते जेतेपद आले कधी, तर खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येत असताना! प्रशिक्षक होते संजय सेन. बंगळुरूत शेवटच्या सामन्यात, संपायला काही मिनिटे उरली असताना बेलो रझाकने डोक्याने मारलेल्या गोलवर १-१ अशी बरोबरी झाली आणि चषक कोलकात्याला आला. भागीदार तोच, वर्षे तीच आणि निकाल इतके वेगळे. निम्मे भाग घेऊन जर्सीवर नाव छापणारा भागीदार आणि रोज संघाकडे लक्ष देणारा मालक, यांत फरक आहे तो असा.

गोवा आणि महाराष्ट्र

लक्ष देणारा मालक पाहायचा तर गोव्याकडे वळावे लागेल. खाण व्यवसायातल्या धेंपो घराण्याने आपला क्लब अनेक दशके सांभाळला. आर्मांदो कुलासो यांना प्रशिक्षक म्हणून जवळजवळ तपभर राहू दिले. फळ काय मिळाले? २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी देशाची पाच जेतेपदे. स्थिर मालकीच्या बाजूने याहून चांगला पुरावा आपल्या देशात सापडणे कठीण.

पण याच धेंपोने २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा यांच्याबरोबर आय-लीगमधून अंग काढून घेतले. देशाच्या लीगची फेररचना त्यांना अन्यायाची वाटली. मालक तोच, घराणे तेच, पण संघ राष्ट्रीय मैदानातून दिसेनासा झाला. आय-लीगमध्ये तो परतला २०२४-२५ च्या हंगामात.

महाराष्ट्रात याच गोष्टीची कडू चव आपण चाखली आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफ.सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरे आले, दोन वर्षांत तेही गुंडाळले गेले. एफ.सी. पुणे सिटी २०१४ मध्ये गाजावाजा करत आले, २०१९ मध्ये त्यांची आय.एस.एल.मधली जागा हैदराबादला गेली. चांगले प्रशिक्षक, चांगली मैदाने, लहान मुलांच्या अकादमी, सगळे होते. पण कंपनीचे मन फिरले की दार बंद करायला एक बैठक पुरते. दारात उभे राहून "हे आमचे आहे" असे म्हणणारा सभासद तिथे नव्हता.

एकाची घडी, दुसऱ्याची ओढाताण

गेल्या काही वर्षांतली कोलकात्याची कथा तर डोळ्यांपुढची. ईस्ट बेंगॉलमध्ये २०१८ च्या जुलैत क्वेस कंपनीने ७० टक्के भाग घेतले. पहिल्याच हंगामात संघ जेतेपदापासून एका गुणाने हुकला. आशा वाढली आणि २०२० मध्ये क्वेस बाहेर पडली! मग श्री सिमेंट आली. अंतिम करारावर सही करण्यावरून क्लब आणि कंपनी यांच्यात वाद झाला, समर्थक रस्त्यावर उतरले. २०२२ मध्ये तीही गेली आणि इमामी आली. चार वर्षांत तीन मालक. आय.एस.एल.च्या पहिल्या तीन हंगामांत चार प्रशिक्षक. क्रमांक नववा, अकरावा आणि पुन्हा नववा, आणि संघ होते अकराच. जरा घडी बसल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये, सुपर चषक मिळाला. बारा वर्षांनी आलेला तो पहिला राष्ट्रीय चषक.

दुसरीकडे २०२० मध्ये संजीव गोयंका यांच्या समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के भाग घेतले. २०२२-२३ मध्ये चषक, २०२३-२४ मध्ये लीग शील्ड, २०२४-२५ मध्ये शील्ड आणि चषक दोन्ही! नदीच्या एकाच काठावर, त्याच वर्षांत, एकाची घडी बसलेली आणि दुसऱ्याची ओढाताण.

मोहामेडनचे दुःख खिदिरपूरला वेगळे सांगायला नको. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून संघ वरच्या लीगमध्ये गेला, तेव्हा गोदीच्या रस्त्यांवर लोक नाचले. पुढच्याच हंगामात गुंतवणूकदारांचा घोळ झाला, पगार थकले आणि संघ तळाला राहिला. एका वर्षात शिखर आणि दरी!

मग स्थिर मालक देतो तरी काय?

यावर कुणी म्हणेल, हा स्थिरतेचा नव्हे, पैशाचा खेळ आहे. त्यात तथ्य आहे. गोयंकांकडे पैसा होता म्हणून चांगले खेळाडू आले. शिवाय प्रशिक्षक तिथेही बदलले. २०२३-२४ च्या हंगामात मध्येच फेरांडो गेले, हबास आले, आणि तरीही शील्ड मिळाली. उलट इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडकडे पाहा. ग्लेझर कुटुंबाच्या हाती क्लब २००५ मध्ये आला. फर्ग्युसन होते तोवर जेतेपदे येत राहिली. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले, कुटुंब तिथेच राहिले, पण पुढची बारा वर्षे लीग जिंकता आली नाही.

मला वाटते, स्थिर मालक विजय देत नाही. तो तीन गोष्टी देतो : वेळेवर पगार, पुढच्या दोन-तीन वर्षांचा करार करण्याचा विश्वास आणि एक हंगाम वाईट गेला तरी न घाबरण्याची सोय. या तिन्हींचा उपयोग करणारे शहाणे लोक संघात असतील तर विजय येतो, नसतील तर स्थिरता म्हणजे नुसती सुस्ती. पण या तीन गोष्टी नसल्या, तर शहाणेही हात टेकतात. ईस्ट बेंगॉल आणि मोहामेडन यांनी ते दाखवून दिले.

नाव कुणाचे?

आता आपल्या सभेकडे येतो. गोयंकांच्या समूहाने मोहन बागान घेतले तेव्हा नाव झाले 'एटीके मोहन बागान'. समर्थकांना ते खुपले. संघ जिंकत होता, पगार वेळेवर होत होते, तरी ते तीन वर्षे "एटीके काढा" म्हणत राहिले. शेवटी मार्च २०२३ मध्ये चषक जिंकल्यावर मालकानेच नाव बदलण्याची घोषणा केली. ८० टक्क्यांच्या मालकाला १८८९ च्या नावापुढे नमते घ्यावे लागले! पुण्याच्या संघासाठी असे भांडायला कुणी उभे राहू शकले नाही.

कोल्हापुरात अजून पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने शाहू स्टेडियमवर खच्चून गर्दी खेचतात. त्यांना कंपनीचा मालक नाही, पेठ हीच मालक. देशाची लीग त्यांनी जिंकलेली नाही हे खरे. पण महिंद्र युनायटेड नाही, पुणे एफ.सी. नाही आणि तालमी आहेत, हेही तितकेच खरे. जिंकायला खंबीर मालक लागतो. टिकायला सभासद लागतात.

आपल्यातले निम्मे लोक बदलीवर आलेले, तीन-चार वर्षांत जाणारे. उरलेल्यांची तिसरी पिढी इथे आहे. त्यामुळे खंबीर आधाराचा मोह मला समजतो, आणि देणगी नाकारावी असे मी म्हणणार नाही. घ्यावी, मान देऊन घ्यावी, कमानीवर त्यांचे आभारही मोठ्या अक्षरांत लिहावेत. पण उत्सवाचे नाव जसेच्या तसे राहू द्यावे आणि घरटी वर्गणी, मग ती एकावन्न रुपये का असेना, बंद करू नये. पाच वर्षांनी देणगीदार गेले, तर सहाव्या वर्षी दार वाजवायला जाणारी पोरे आपल्याकडे असली पाहिजेत. आणि त्या पोरांना कोणते दार कुणाचे, हे ठाऊक असले पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!