श्वासाच्या मोजपट्टीवर वजनाची नोंद

१८४६ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हचिन्सन यांनी एक विलक्षण मोजमाप प्रसिद्ध केले. खलाशी, अग्निशामक, पोलीस, मुद्रक, मुष्टियोद्धे, दरिद्री आणि धनिक अशा दोन हजारांहून अधिक व्यक्तींनी त्यांच्या ‘स्पायरोमीटर’मध्ये श्वास सोडला होता. छातीभर घेऊन पूर्णपणे सोडलेल्या हवेचे आकारमान उंचीबरोबर नियमितपणे वाढते, हे त्यांना आढळले. वजन मात्र एका मर्यादेपलीकडे गेले की ते आकारमान घटू लागते, हेही त्यांनी नोंदवले.

हचिन्सन यांना क्षयाची चाहूल घ्यायची होती. दम्याची ओळख वेगळ्या मोजमापातून पटणार होती. १९४७ मध्ये फ्रान्सच्या तिफनो आणि पिनेली यांनी हवा किती, याऐवजी ती किती वेगाने बाहेर पडते, याकडे लक्ष वेधले. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा हे आजही दम्याच्या निदानातील प्रमुख परिमाण आहे. अपेक्षित मूल्ये काढताना वय, उंची आणि लिंग विचारात घेतले जाते; वजन सहसा नाही.

वजनाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो १९९९ मध्ये. अमेरिकेतील सुमारे ८६ हजार परिचारिकांच्या चार वर्षांच्या पाहणीत, ३० किंवा अधिक देहभारांक असलेल्यांना नव्याने दमा जडण्याची जोखीम सडपातळ परिचारिकांच्या २.७ पट दिसली. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये ३८ स्थूल दमेकऱ्यांवर प्रयोग झाला. ज्यांचे वजन सरासरी १४.५ टक्क्यांनी उतरले, त्यांची फुफ्फुसे अधिक कार्यक्षम झाली आणि लक्षणेही सौम्य झाली.

यामागे भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. पोटावरील मेद श्वासपटलाला वर ढकलतो, फुफ्फुसे कमी फुगलेल्या स्थितीत राहतात आणि श्वासनलिकांना उघडे ठेवणारा ताण सैलावतो. संथ, सुरळीत प्रवाहातील रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली, तर रोध सोळापट होतो. २००६ च्या एका अभ्यासात, देहभारांक २० वरून ३० वर जाताच नेहमीच्या श्वासानंतर जोर लावून सोडता येणारी राखीव हवा निम्म्याहूनही कमी झालेली आढळली. मेदपेशींतून स्रवणारी दाहकारक द्रव्ये यात भर घालतात, आणि स्थूल रुग्णांत श्वासातून घेण्याच्या स्टेरॉइडचा गुण अनेकदा कमी येतो.

तरीही स्थूल माणसाची प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. केवळ स्थूलतेत हवेचे एकूण आकारमान आणि पहिल्या सेकंदातील हवा ही दोन्ही जवळपास सारखीच घटतात. त्यामुळे त्यांचे गुणोत्तर बहुधा शाबूत राहते. हा फरक स्पायरोमेट्रीविना कळत नाही. तपासणी टळली की एकाला नको असलेले औषध मिळते, तर दुसऱ्याला ‘वजन कमी करा’ एवढाच सल्ला मिळून त्याचा खरा दमा उपचारांवाचून राहतो.

भारतासाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात होते, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक होता. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच स्थूलतेची सीमा ३० ऐवजी २५ देहभारांकावर आणली. हचिन्सन यांनी उंचीशेजारी नोंदवलेला वजनाचा आकडा आता रुग्णाच्या श्वासासोबत वाचला जायला हवा: दोष देण्यासाठी नव्हे, तर निदान अचूक होण्यासाठी.